एक जूनची ओळ

रविवार, २० एप्रिल

सगळ्यात आधी आला तो लवू. आठ वाजले नव्हते, सुनेचा, शीतलचा कुकर दुसरी शिटी देत होता आणि हा दारात उभा. महापालिकेत चावीवाला आहे, पहाटे टेकडीचं पाणी सोडतो, म्हणून त्याला वाटतं सगळं जग पाचला उठतं. हातात मोबाईल आणि मोबाईलवर रोखलेलं बोट. "काकी, ह्यां काय करून ठेवलास गो? माझी नोकरी जातली!" मी म्हटलं आधी बस, पाणी पी, तूच सोडलेलं आहे. बसला नाही.

त्याच्या मागून मालन आली. तिला कुणी बोलवावं लागत नाही, आमच्या दारात परकी चप्पल दिसली की ती येते. मग भाऊराव काठी टेकत आले. मग आणखी तिघं. कप पाचच निघाले, कारण दोन कुंडलिकने फोडले आणि आणतो आणतो म्हणून महिना झाला. भाऊरावांना मी वाटीत चहा दिला, त्यांनी फुंकर मारून प्यायला, रागावले नाहीत.

झालं काय ते नीट लिहिते. माझी नात अक्षता, म्हणजे माझ्या कुंडलिकची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. इंटरनेटवर एक ज्ञानकोश असतो. जगातलं सगळं त्यात लिहिलेलं असतं आणि कुणीही त्यात भर घालू शकतं. त्यात हत्ती आहे, चंद्र आहे, आणि परवापासून आमची टेकडीची शाळा आहे! नवप्रकाश प्राथमिक विद्यालय, असल्फा, घाटकोपर पश्चिम. अक्षताने लिहिली. मी तिच्याकडून चारदा वाचून घेतली आणि पाचव्यांदा माझी मी वाचली, बोट ठेवून. बोट जोरात लागलं की पान पळून जातं, मग ती परत आणून देते.

छान लिहिलंय पोरीने. शाळा एकाहत्तर साली शिवदास गुरुजींनी पत्र्याच्या शेडमध्ये काढली, सोळा मुलं होती, बसायला सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या. पुढे एक ओळ आहे, ती मी सांगितलेली. वस्तीतल्या आईबापांना मुलांची जन्मतारीख ठाऊक नसायची, म्हणून गुरुजी अंदाजाने एक जून लिहायचे. मग जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या दिवशी सगळ्या शाळेचा वाढदिवस एकदम व्हायचा आणि गुरुजी पातेलंभर शिरा आणायचे.

लवूचं भांडण त्या ओळीशी. "साहेबान वाचल्यान तर म्हणतलो, तुझी तारीख अंदाजाची, तू कधीच साठ झालंस, जा घरी!"

मी विचारलं, "मग झालास का खरंच?"

तर मोबाईल खिशात घातला. मालन हसून हसून ठसकली.

बाकीच्यांची भांडणं वेगळी. भाऊरावांचं म्हणणं, त्यांच्या मुलाला त्या शाळेतून निघून पुढे दहावीला एकोणनव्वद टक्के पडले, ते का घातलं नाही? मालनचं म्हणणं, शाळेची पहिली पाटी तिच्या नवऱ्याने रंगवली, त्याचं नाव कुठे आहे? अक्षता केस विंचरत होती, तशीच बाहेर आली. म्हणाली, "काका, मावशी, ही काय लग्नाची पत्रिका आहे का, सगळ्यांची नावं घालायला?"

मालनला राग आला, पण दुसरा चहा घेऊनच गेली.

मला काय वाटलं ते खरं सांगते. माझ्या नातीने लिहिलेलं वाचून सहा माणसं सकाळी सकाळी भांडायला आली. मी भाकऱ्या थापत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

मंगळवार, २२ एप्रिल

ओळ गेली. नेमकी तीच. अक्षताने उघडून दाखवलं तर शेड आहे, गोण्या आहेत, एक जून नाही.

मी म्हटलं लवूने केलं असणार. अक्षता म्हणाली, लवूकाकांना फोटो पाठवता येत नाही, ओळ कुठून काढणार? कुणी पारिजात४१ नावाचं आहे. बाई की बुवा कळायला मार्ग नाही. तिथे पानं तपासत बसतं. खाली लिहिलं होतं, ह्या माहितीला छापील संदर्भ द्या.

मी म्हटलं, "त्याला लिही, माझी आजी जिवंत आहे, तिने डोळ्यांनी बघितलंय."

अक्षताने लिहिलं. हो, खरंच लिहिलं. संध्याकाळी उत्तर आलं, आणि उत्तर मोठं सभ्य होतं. आजींना नमस्कार सांगा, त्यांच्या आठवणी मोलाच्या आहेत, पण इथे जे लिहायचं ते उद्या तिसऱ्या माणसालाही तपासता यायला हवं. आजींचा शब्द मी घेईन, पण तो पडताळायला मी नागपूरच्या एखाद्या वाचकाला त्यांच्या घरी पाठवू शकत नाही.

मला राग यायला हवा होता, आला नाही. गुरुजी असेच होते. आम्हा बायकांना दुपारी लिहायला शिकवायचे, मी तिथेच शिकले, दोन पावसाळे. गणित बरोबर आलं तरी म्हणायचे, द्रौपदाबाई, आता मला करून दाखवा कसं आलं ते. मी म्हणायचे आलं ना, मग? तर म्हणायचे, तुम्हाला आलं, फळ्याला कुठे आलंय?

पारिजातला जेवायला कोण वाढत असेल कोण जाणे. दिवसभर लोकांची पानं तपासतो.

शनिवार, २६ एप्रिल

छापील हवं म्हणतो ना, मग छापील काय असतं? दाखला! शाळा सोडल्याचा दाखला सगळ्यांच्या घरी आहे, शिक्का मारलेला, सहीचा. मी आणि मालनने ठरवलं, अक्षताला सांगायचं नाही, एकदम पिशवीच पुढे ठेवायची.

चार दिवस आम्ही दोघी टेकडी चढलो उतरलो. मालन दर घरी थांबून पाटीची गोष्ट सांगायची. काहींचे दाखले देव्हाऱ्यामागे, काहींचे गादीखाली, एकीने पत्र्याच्या डब्यात साखरेच्या खाली ठेवला होता, त्याला मुंग्या लागलेल्या. मालनची मुलगी माहुलला राहायला गेलीय, त्या मोठ्या बिल्डिंगीत, तिच्यासाठी बसने तिथपर्यंत गेलो. पोरगी म्हणते, खिडकी उघडली की रिफायनरीच्या तेलाचा वास, बंद केली की जेवणाचा. तिने दाखला दिला आणि वर चार आंबे दिले. तिचापण एक जून!

तेवीस दाखले जमले. साकीनाक्याला झेरॉक्स काढल्या. झेरॉक्सवाला एक एक कागद बघत होता, शेवटी म्हणाला, "क्या मौसी, पूरा गाँव एक ही दिन पैदा हुआ?" मी म्हटलं हो, आणि त्या दिवशी शिरा होता.

घरी येऊन पिशवी अक्षतापुढे ठेवली. मला वाटलं पोरगी नाचेल. तिने दोन कागद बघितले आणि डोक्याला हात लावला.

"आजी, यार! हे लोकांचे कागद आहेत. नाव, जात, आईचं नाव, सगळं आहे ह्यात. हे नेटवर टाकायचं नसतं!"

"मग त्याला नुसतं दाखव."

"त्याला दाखवणं म्हणजे जगाला दाखवणं."

झेरॉक्सची बातमी लवूला लागली. त्याची बायको तिथेच रांगेत होती म्हणे, रेशनकार्डाची झेरॉक्स काढायला. आता लवू पाणी सोडायला येतो तेव्हा आमच्या दाराकडे बघत नाही. आज पाणी पंधरा मिनिटं उशिरा आलं. मालन म्हणते मुद्दाम. मी म्हणते, असेल काहीतरी.

दाखले उद्यापासून परत पोचवायचे. ते काम जमवण्यापेक्षा जड जाणार आहे.

मंगळवार, २९ एप्रिल

अक्षताने ओळ परत घातली, पुढे 'संदर्भ हवा' अशी खूण लावून. पारिजातने चालवून घेतली, म्हणाला थोडे दिवस थांबू. दुपारी कुणीतरी पुन्हा काढली. ह्या वेळी पारिजात नव्हे. नाव होतं 'वाचक मुलुंड', आणि कारण लिहिलं होतं: एका प्रामाणिक शिक्षकाची बदनामी.

बदनामी! गुरुजींची, आणि मी केली?

भाजी निवडत होते, मेथीची पानं तशीच राहिली. कुंडलिक कामावरून आला, म्हणाला, "आई, अंदाजाने लिहिलं म्हटलं की वाटतंच ना, हेडमास्तरने मनाला येईल ते ठोकून दिलं."

मी म्हटलं, "तुझी तारीखपण तशीच आहे."

"माझं ठीक आहे गं. मी वर्कशॉपमध्ये फिटर आहे, मला कोण विचारतंय? पण गुरुजींच्या घरचं कुणी वाचलं तर?"

मुलगा बरोबर बोलला. असं झालं की मला अभिमान पण वाटतो आणि जरा चिडायलाही होतं.

शनिवार, ३ मे

वाचक मुलुंड घरी आली.

लवूच घेऊन आला. मान खाली घालून म्हणाला, "काकी, माधुरीबाई. गुरुजींची मुलगी. रस्तो दाखवूक इलंय." मी तिला लहानपणी बघितलेली, दोन वेण्या, लाल रिबिनी. आता पंचावन्न वर्षांची, मुलुंडला शिक्षिका आहे, चष्म्याला साखळी, साडीची घडी एकसारखी. टेकडी चढून आली तरी घामाचा थेंब पुसताना दिसली नाही. मी चहा ठेवला. म्हणाली, नको, मी बोलून निघते.

अक्षता समोर बसली. शीतलने पंखा वाढवला.

माधुरीबाई म्हणाल्या, "तू चांगलं लिहितेस. पण 'अंदाजाने' हा शब्द माझ्या वडिलांना लागू होत नाही. त्यांचं रजिस्टर बघितलंयस? तीस वर्षं त्यांनी ते लिहिलं. एक खाडाखोड नाही. अंदाजाने जगणारा माणूस नव्हता तो."

अक्षता म्हणाली, "मॅडम, पण तारीख तर खरी नव्हती ना? खरं आहे ते लिहायला नको का?"

"खरं असलेलं सगळंच लिहायचं असतं का? त्यांनी टेकडीवर शाळा काढली, ते लिही. चार हजार मुलं शिकली, ते लिही. त्यातून नेमकं हेच का निवडलंस?"

"कारण हे दुसऱ्या कुठल्या शाळेत नाही."

दोघी शिकलेल्या. दोघी बरोबर वाटत होत्या. मी ह्या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होते. लवू कोपऱ्यात, त्याने माझ्याकडून चहा घेतला, म्हणजे राग गेला असावा.

मग माधुरीबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलांच्या तारखा माहीत नव्हत्या, ठीक आहे. माझी माहीत होती. नऊ फेब्रुवारी. माझ्या दाखल्यावर एक जून आहे. माझ्या बापाने स्वतःच्या हाताने लिहिलाय. घरात त्यानंतर नऊ फेब्रुवारी कधी झाली नाही. मी विचारलं की म्हणायचे, तुझा वाढदिवस शाळेत झाला ना, सगळ्यांबरोबर? मला वाटायचं, दोन भावांमागे मुलगी झाली, तिची तारीख ध्यानात ठेवायचं काय काम? आता हे सगळं जगाने वाचायचं?"

तेव्हा मला आठवलं. म्हणजे विसरले कधीच नव्हते, पण कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं ते असं.

शहात्तर सालचा जून. मी कुंडलिकला शाळेत घालायला गेले. बुलढाण्याहून येऊन चार वर्षं झाली होती. गुरुजी रजिस्टर घेऊन बसलेले. विचारलं, कधीचा जन्म? मी म्हटलं, दुष्काळाच्या आधी दोन वर्षं, ज्वारी खळ्यावर होती तेव्हा. त्यांनी बोटांवर मोजलं आणि लिहिलं, म्हणाले एक जून सत्तर. मी तेव्हा तोंडाची फार फटकळ होते. कुंडलिकचे वडील काशीराम म्हणायचे, तुला देवनारच्या बाजारात बसवली तर बोकड स्वतः किंमत कमी करेल. तर मी म्हटलं, "आमच्या पोरांना सगळ्यांना मिळून एकच दिवस. तुमच्या बाईंनी फेब्रुवारीत शाळेत पेढे वाटले, गुरुजी. माझा पोरगा शाळेच्या दाराशी खेळत होता, पेढा खाऊन घरी आला आणि विचारतो, आई, माझा कधी? मी काय सांगू? मास्तरच्या पोरीला तारीख असते आणि तुला नसते?"

रांगेत मागे आठदहा बाया होत्या. गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. मग दौतीत टाक बुडवला आणि कुंडलिकच्या वरच्याच ओळीत काहीतरी खोडलं, वर लिहिलं, बाजूला सही केली. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. मला वाटलं चुकलं असेल काही.

मग शाळा उघडली त्या दिवशी पहिल्यांदा तो शिरा आला. त्याच्या आधी नव्हता. गुरुजींनी सगळ्या पोरांना मैदानात उभं केलं आणि म्हणाले, आज सगळ्यांचा वाढदिवस. आणि लाल रिबिनीवाल्या पोरीला हात धरून माझ्या कुंडलिकच्या शेजारी उभं केलं. माझ्याजवळून जाताना म्हणाले, "द्रौपदाबाई, आता झालं ना?"

मी सांगून थांबले. म्हटलं, "असा माणूस होता, माधुरीताई. माझ्यासारख्या अडाणी बाईचं त्याने ऐकलं. ती तारीख त्याने अंदाजाने नाही लिहिली. अक्षता, तो शब्द काढ, चुकीचा आहे."

माधुरीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. टेकडीवर धूळ फार. मग म्हणाल्या, "चहा आहे का अजून?" मी नवीन केला, आलं घालून. दोन कप प्यायल्या. जाताना माझ्या पाया पडायला वाकल्या, एवढी शिकलेली बाई. मी हात धरला, म्हटलं अगं, हे काय करतेस. चुकून 'तू' म्हणाले.

गुरुजींची गोष्ट त्यांच्याच मुलीला मी सांगितली! मालन नेमकी दवाखान्यात गेली होती. हळहळली.

सोमवार, ५ मे

आज जरा वेगळं वाटतंय. काल दिवसभर खुशीत होते, आज दाखले परत द्यायला गेले तेव्हा पायरीवर बसले आणि विचार आला. सहा वर्षांची पोर होती ती. तिने माझं काय वाकडं केलं होतं? मी आईच्या मायेने बोलले, पण दुसऱ्याच्या लेकराचा पेढा गेला त्यात. गुरुजी घरीसुद्धा तिचा वाढदिवस करत नव्हते, हे मला आता कळलं. मी तेवढं नव्हतं मागितलं.

शीतलला सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुम्ही पन्नास वर्षांपूर्वीच्या पेढ्याचं काय घेऊन बसलात, ती बाई हसत गेली की."

हसत गेली का? मला आठवत नाही. टेकडी उतरताना दोनदा थांबली, वळून बघितलं. लवू म्हणाला गुडघा दुखत असेल.

गुरुवार, ८ मे

लवू आला, ह्या वेळी चप्पल काढून, हातात काजूची पाकिटं. युनियनचे धोंडिराम त्याला हसले म्हणे. सर्व्हिस बुकात जी तारीख एकदा लागली ती लागली, ज्ञानकोश वाचून कुणी कुणाला रिटायर करत नाही. लवू आता म्हणतो, ओळ हवीच, आणि जमलं तर त्याचं नाव पण.

पण खरी बातमी पुढे आहे. शाळेचं ऑफिस सुट्टीतही सकाळी उघडं असतं. माधुरीबाई काल तिथे आल्या होत्या, लवूला फोन करून बोलावून घेतलं. क्लार्कने शहात्तरचं रजिस्टर काढलं. माझ्या कुंडलिकची ओळ आहे, दोनशे बारा नंबर. दोनशे अकरा, माधुरी शिवदास. तिथे नऊ फेब्रुवारी लिहिलेलं, त्यावर एक सरळ रेघ, वर एक जून, बाजूला सही. लवू म्हणाला, "काकी, सगळां रजिस्टर चाळलां, पयल्या पानापासून शेवटपर्यंत. तेवढीच एक खाडाखोड."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"त्या रेघेर बोट ठेवून उभी रवली. क्लार्क म्हणालो, बाई, एसी लावू काय? तर नको म्हणाली."

म्हणजे मी सांगितलं ते खरं निघालं! फळ्यालासुद्धा आलं! शेजारी सगळ्यांना सांगून आले. अक्षता म्हणाली, "आजी, तुझी मेमरी झकास आहे." मी म्हटलं तुझ्या त्या पारिजातला कळव.

कळवलं. त्याचं उत्तर: आजींचं अभिनंदन, रजिस्टर उत्तम पुरावा आहे, पण ते कपाटात आहे, छापलेलं नाही.

घ्या! आता टेकडी एका बाजूला आणि तो एकटा एका बाजूला. भाऊराव म्हणाले त्याचा पत्ता काढा, आपण दहा जण जाऊ. भाऊरावांना जिना चढवत नाही.

रविवार, ११ मे

उद्या बुद्धपौर्णिमा, म्हणून खिरीचं दूध आणायला निघाले होते, तेवढ्यात माधुरीबाईंचा फोन आला. अक्षताच्या फोनवर, पण माझ्यासाठी. मी बोलले, अकरा मिनिटं, अक्षताने मोजली.

त्यांनी तोड काढलीय. शिक्षकांचं एक मासिक निघतं, त्यात त्या कधीमधी लिहितात. ही हकीकत त्यात लिहिणार, रजिस्टरच्या त्या पानाचा फोटो देणार, बाकीच्या मुलांची नावं झाकून. छापून आलं की झाला संदर्भ. पारिजातला अक्षताने विचारलं, तर म्हणाला, अंक हातात पडला की सांगा, ओळ मी स्वतः घालीन. आणि त्यात माझं नाव येणार. द्रौपदाबाई, असल्फा. मी म्हटलं, माझं कशाला, आणि मग लगेच स्पेलिंग की काय ते नीट सांगितलं, कारण लोक द्रौपदी लिहितात.

मी विचारलं, "माधुरीताई, तुम्ही तुमच्या वाटणीचं पण लिहिणार का? घरातलं?"

म्हणाल्या, "तेच आधी लिहिलंय."

आणि मग म्हणाल्या, घरी आईला सगळं सांगितलं. गुरुजींच्या बाई आहेत अजून, चौऱ्याऐंशीच्या, मला माहीतच नव्हतं! बाईंनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कोण द्रौपदा? ती रांगेत भांडली ती?" बाईंना माहीत होतं. इतकी वर्षं माहीत होतं आणि मुलीला सांगितलं नाही. का, ते माधुरीबाईंनी विचारलं तर बाई म्हणाल्या, मला टेकडीवर न्या, जे सांगायचं ते त्या बाईच्या समोर सांगेन.

म्हणजे चिडल्यात की काय? पेढे त्यांनीच वाटले होते ना, आपल्या हाताने, शाळाभर. त्यांच्या लेकीच्या वाढदिवसाचे पेढे तेवढेच झाले, पुढे कधी नाहीत. मी अक्षताला विचारलं, रागावल्या असतील का गं? ती म्हणाली, मला काय माहीत. मालन म्हणते, घाबरू नकोस, मी शेजारी बसते. ती बसणारच आहे.

काय बोलायचं ते बोलू देत. मी ऐकून घेईन, मधे तोंड घालणार नाही, म्हणजे प्रयत्न करीन. गुरुजींच्या बाई माझ्या घरी! कुंडलिकला आज उठवून बाजारात पाठवला, सहा कप आणले, फुलांचे. टेकडीच्या पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत, तर लवू आणि शाळेची आणखी तीन जुनी मुलं, सगळी साठीला आलेली, खुर्चीत बसवून उचलून आणणार आहेत. लवूने आत्ताच कमरेला पट्टा बांधून बघितला.

बुधवारी, चौदा तारखेला, सकाळी साडेआठला, ऊन चढायच्या आत येतो म्हणाल्यात.